सर्व हक्क कावळ्याकडे

बायकोच्या कामात माणसाने आपण होऊन लक्ष घालू नये, हे गंगाधरराव मायदेवांना वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी कळलं, आणि तेही एका कावळ्यामुळे. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणजे लग्नाला एक्केचाळीस वर्षं होऊन गेली होती आणि अर्ज भरायला जेमतेम तीन मिनिटं उरली होती.

तर झालं असं, की गिरगावातल्या एका जुन्या ग्रंथसंग्रहालयाने साठीपुढच्या मंडळींसाठी श्रुतिकांची स्पर्धा जाहीर केली. श्रुतिका म्हणजे नुसतं ऐकायचं नाटक. वीस मिनिटांचं, घरी मोबाइलवर रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर आणून द्यायचं. निवडलेल्या तीन श्रुतिका संग्रहालयाच्या सभागृहात, दिवे मालवून, लोकांना ऐकवणार. आणि ठाकूरद्वारच्या वाडीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या नलू मायदेवांनी, ज्यांनी वाण्याची यादी आणि दिवाळीची पत्रं यापलीकडे काही लिहिल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं, चक्क एक श्रुतिका लिहिली. दुपारी, जेवणं झाल्यावर, जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांवर, कोणाला न सांगता. ती त्यांनी शेजारच्या सुनेत्राला वाचून दाखवली. सुनेत्रा बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली, तिला सहसा कशाचं रडू येत नाही. ती रडली. तेव्हा नलूच्या मनाने घेतलं, की आपली ही गोष्ट एकदा तरी परक्या माणसांनी अंधारात बसून ऐकावी. सहासष्ट वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलं असेल तर ते हे पहिलंच.

श्रुतिकेचं नाव 'पान वाढलंय'. एक बाई गेली आहे, तिचा दहावा आहे आणि पिंडाला कावळा शिवत नाही. मुलगे, सुना, नवरा, सगळे तिची काय इच्छा राहिली असेल ते बोलून बघतात. तुझे दागिने मुलीलाच देऊ, गावच्या घराला कुलूप लावणार नाही, एक ना दोन. कावळा ढिम्म. शेवटी सगळे दमून गप्प होतात, आणि त्या शांततेत कावळा ओरडतो. त्यापुढे एक शब्द नाही. म्हणजे सगळी भिस्त कावळ्यावर.

सुनेत्राने दिग्दर्शन आणि सुनेचं काम घेतलं. नलूने सासूचं घेतलं, म्हणजे गेलेल्या बाईचं, जी मधूनमधून बोलते पण कोणाला ऐकू येत नाही. वाडीतल्या चारपाच जणांनी बाकीची कामं वाटून घेतली. आणि गंगाधरराव, ज्यांना कोणी काही विचारलेलं नव्हतं, पेपरची घडी घालत म्हणाले, "आवाजांचं मी बघतो."

"कुठल्या आवाजांचं?" नलूने विचारलं.

"कुकर, नळ, दार, कावळा. जे काय असेल ते. आणि नियमांचंही मीच बघतो, तुम्हा बायकांना त्यातलं कळायचं नाही."

आता गंगाधरराव विमा कंपनीत अडतीस वर्षं आवक-जावक विभागात होते, हे लक्षात घ्या. माहितीपत्रकातलं मोठं अक्षर ते कधी वाचत नाहीत. बारीक अक्षरात त्यांना नियम अकरा सापडला. श्रुतिकेतला प्रत्येक ध्वनी एकतर स्वतः मुद्रित केलेला असावा, नाहीतर हक्कमुक्त असल्याचा पुरावा जोडावा. ज्या कोणाचा आवाज, निर्मिती वा सहभाग असेल त्या प्रत्येकाची लेखी संमती जोडावी. अन्यथा प्रवेशिका बाद. गेल्या वर्षी दादरची एक श्रुतिका याच नियमाखाली बाद झाली होती म्हणे, कारण तिच्यातल्या दारावरच्या घंटेत एका सिनेमाच्या गाण्याची धून वाजत होती.

"ऐकलंस ना?" गंगाधरराव म्हणाले. "एका बेलपायी सगळं गेलं. आपलं असं होऊ द्यायचं नाही." त्याच दिवशी त्यांनी फाइल आणली आणि तिच्यावर 'ध्वनी – पुरावे व संमतीपत्रे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. इथून त्यांच्या हालांना सुरुवात झाली.

पहिला कुकर. तीन शिट्ट्या हव्या होत्या. घरचा कुकर, घरची डाळ, घरचा मोबाइल, हक्काचा प्रश्नच नाही. पण दिवस गणपतीचे होते. पहिल्या दिवशी शिट्टीत खालच्या मांडवातलं गाणं आलं, दुसऱ्या दिवशी दुसरं गाणं आलं, आणि तिसऱ्या दिवशी शिट्ट्या अगदी स्वच्छ झाल्या तर तिसरीच्या शेपटाला कोणाच्या तरी फोनची रिंगटोन चिकटली. "अहो, एवढंसं कोणाला ऐकू येणारे?" नलू म्हणाली. "कायद्याला ऐकू येतं," गंगाधरराव म्हणाले. असं पाच दिवस चाललं. पाचही दिवस घरात वरण झालं, आणि शिट्ट्यांसाठी गॅस मोठा ठेवायचा म्हणून पाचही दिवस ते खाली लागलं. गिरगावात गाण्याशिवायचं अर्धं मिनिट मिळवणं किती कठीण आहे, याची कल्पना ज्याने कधी मिळवायला घेतलं नाही त्याला यायची नाही. गणपती गेले तर भाजीवाल्याची गाडी आली. हल्लीचे भाजीवाले स्वतः ओरडत नाहीत, रेकॉर्ड केलेलं ओरडणं स्पीकरवर लावतात. ते ओरडणं कोणाच्या मालकीचं, हा प्रश्न गंगाधररावांनी त्याला खाली उतरून विचारला. त्याने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि पाव किलो भेंडी जास्त घातली.

मग कोणीतरी सांगितलं, की काका, कशाला जिवाला त्रास करून घेता, इंटरनेटवर सगळे आवाज फुकट असतात. फुकटचं ते पौष्टिक, या न्यायाने गंगाधरराव कॉम्प्युटरसमोर बसले. कावळा शोधला. चारशे बारा कावळे निघाले. त्यांना भरून आलं. पण बारीक अक्षर वाचायची खोड माणसाला सुखाने जगू देत नाही. फुकट उतरवून घेता येणं वेगळं आणि फुकट वापरता येणं वेगळं, हे त्यांना पहिल्याच संध्याकाळी कळलं. काही कावळे बिनशर्त फुकट होते. काही, ज्याने रेकॉर्ड केला त्याचं नाव द्याल तर फुकट. काही, धंद्यासाठी वापरणार नसाल तर. आणि काही अशा अटीवर, की आहे तसाच वापरायचा, कापाकापी करायची नाही.

स्पर्धेत शाल आणि श्रीफळ मिळतं, तर तो धंदा धरायचा का? कावळा सात वेळा ओरडतो आणि आपल्याला दोनदाच हवा आहे, तर ती कापाकापी झाली का? गंगाधररावांनी संग्रहालयाच्या कार्यालयात फोन लावला. तिथे दीपिका नावाची मुलगी होती. "काका, एवढं डीप मला पण नाही माहीत," ती म्हणाली. "पण जे वापराल त्याचा कागद लावा. कागद असला की मी घेते." हे वाक्य ऐकून गंगाधररावांना माहेरी आल्यासारखं वाटलं.

त्यांनी नाव देण्याच्या अटीवरचा एक खणखणीत कावळा निवडला. पण रेकॉर्ड करणाऱ्याने तिथे आपलं नाव 'पोटॅटो ७७' असं लावलं होतं. आता श्रेयनामावलीत 'कावळा: पोटॅटो ७७ यांच्या सौजन्याने' असं कसं लिहिणार? संग्रहालयाला शंभर वर्षांची परंपरा आहे. तेव्हा त्यांनी रीतसर पत्र लिहिलं. 'श्रीयुत पोटॅटो यांस' अशी सुरुवात मराठीत करून मग इंग्रजीत पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं. पोटॅटो हे श्रीयुत नव्हतेच, फिनलंडमधल्या एक आजी होत्या. खुशाल वापरा, त्यांनी लिहिलं होतं. गंगाधररावांनी कळवलं, की आपली संमती कोऱ्या कागदावर, निळ्या शाईत, तारीख घालून द्यावी. आजींनी दिली. शिवाय ज्या झाडावर तो कावळा बसला होता त्या झाडाचा फोटो पाठवला. गंगाधररावांनी तोही फाइलला लावला.

इतकं झाल्यावर त्यांनी नलू आणि सुनेत्राला बसवून मोठ्या ऐटीत कावळा ऐकवला.

सुनेत्राने तो परत लावायला सांगितला.

"काय झालं?"

"भावोजी, हा आपला कावळा नाहीये," सुनेत्रा म्हणाली.

"आपला म्हणजे? कावळा तो कावळा."

"छे हो. हा जाडाभरडा ओरडतोय. थंडीतला आहे. आपला कसा, जरा भांडल्यासारखा, मागितल्यासारखा ओरडतो. हा काय पिंडाला शिवणार? ह्याला पिंड म्हणजे काय ते तरी माहितीय का?"

गंगाधररावांनी आशेने नलूकडे बघितलं. रेकॉर्डिंगसाठी घसा जपायचा म्हणून सुनेत्राने तिला मौन दिलं होतं, कोमट पाण्याच्या गुळण्या आणि बोलणं बंद. चार दिवस ती गॅलरीतसुद्धा गेली नव्हती. तिने नुसती मान हलवली. मग पाटी ओढून त्यावर लिहिलं, 'परका वाटतो.'

चारशे बारा कावळ्यांत एकही आपला निघाला नाही. निघाले ते दोन, पण दोघांच्याही मागे रिक्षा होती. अर्जाची मुदत उद्या संध्याकाळी पाचला संपत होती. गंगाधररावांनी त्या रात्री जेवताना भात घेतलाच नाही. अडतीस वर्षांत ज्यांच्या टेबलावरून एक कागद हरवला नव्हता, त्यांना एक कावळा मिळू नये, हे त्यांना फार लागलं.

"बुधाजीला बोलवा," सुनेत्रा म्हणाली.

बुधाजी परळचा. गिरणीत होता, गिरणी गेल्यावर कामगारांच्या नाटकांना मागून आवाज द्यायचं काम त्याने वीस वर्षं केलं. सुपात तांदूळ घोळवून पाऊस पाडायचा, पत्र्यावर गडगडाट करायचा. तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "कावळो रेकॉर्ड करूक कावळो व्हयो ना? मग गच्चीवर पान मांडा. भाताचो मुटको, वर तीळ. येतलो."

सोपं होतं. गंगाधररावांना वाटलं, हे आपल्याला कसं सुचलं नाही. घरात शिळा भात होता. त्याचा मुटका केला, केळीच्या पानावर ठेवला, वर काळे तीळ घातले, आणि दोघे गच्चीवर गेले. आवाज यायला नको म्हणून गंगाधररावांनी चपला खाली काढल्या. उन्हात घामाने शर्ट भिजला म्हणून तोही काढून कठड्यावर टाकला. आणि मोबाइल पुढे धरून, उघड्या अंगाने, पानासमोर हात जोडल्यासारखे उभे राहिले.

कावळे येईनात. एक आला, त्याने लांबून बघितलं आणि निघून गेला. पितृपंधरवडा चालू होता. गिरगावातल्या प्रत्येक गच्चीवर त्या दिवसांत खीर-वडे असतात. सकाळपासून चार ठिकाणी जेवलेला कावळा शिळ्या भाताकडे कशाला बघेल? "ह्येंका पंधरा दिवस लय माज असता," बुधाजी म्हणाला.

अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. गंगाधररावांना चक्कर यायला लागली. पण नलूचं सगळं या एका ओरडण्यावर अडलं आहे, हे ते विसरू शकत नव्हते. तिने तोंडाने म्हटलं नव्हतं, पण सकाळपासून तिने तीनदा घड्याळ बघितलं होतं. ते उभेच राहिले.

आता समोरच्या इमारतीत काय चाललं होतं, ते सांगायला हवं. तिथे तिसऱ्या मजल्यावर रमाबाई राहतात. रमाबाईंनी खिडकीतून बघितलं, मायदेव उघड्या अंगाने गच्चीत उभे आहेत, समोर पान आहे, पानावर मुटका आहे. त्यांनी आपल्या यजमानांना, वसंतरावांना हाक मारली. "अहो, मायदेवांकडे आज काय? त्यांच्या वडिलांची तिथी तर पंचमी."

वसंतरावांनी पंचांग बघितलं, आणि ते खाली बसले. त्या दिवशी नवमी होती. पितृपंधरवड्यातली ही नवमी म्हणजे अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी ज्या बायका गेल्या, त्यांचं पान या दिवशी वाढतात.

"मायदेवांच्या आई कधी गेल्या?"

"त्या वडिलांनंतर गेल्या. मी स्वतः समाचाराला गेले होते."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग रमाबाईंच्या लक्षात आलं, की नलू चार दिवस गॅलरीत दिसलेली नाही. ती भाजीलाही उतरली नाही. काल सुनेत्राला जिन्यात विचारलं तेव्हा ती म्हणाली, 'नलूताई आता बोलत नाहीत.' हे ती कशा अर्थाने म्हणाली होती ते आता स्पष्टच झालं.

"पण चार दिवसांपूर्वी गेल्या असत्या तर आज पान कसं वाढतील?" वसंतरावांना धर्मशास्त्र स्वस्थ बसू देईना. "वर्ष झाल्याशिवाय महालय करत नाहीत."

"म्हणजे गेल्या वर्षीच?"

"मग या वर्षभर दिसत होत्या त्या कोण?"

या प्रश्नाच्या उत्तराची रमाबाईंना गरज वाटली नाही. त्यांनी पांढरी साडी नेसली, मजल्यावरच्या सातआठ जणांना सांगितलं, आणि पावणेदोनच्या सुमारास सगळे जण मान खाली घालून मायदेवांच्या गच्चीत येऊन उभे राहिले. पानासमोर बोलायचं नसतं, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. गंगाधररावांना वाटलं, वाडीतली मंडळी रेकॉर्डिंग बघायला आली आहेत. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. सगळ्यांनी समजुतीने माना हलवल्या. त्या माणसाचं दुःख बघून रमाबाईंनी तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात खाली भाजीवाल्याची गाडी आली. गंगाधररावांनी डोळे मिटून घेतले. पण वसंतराव कठड्याशी गेले आणि दबक्या पण जरबेच्या आवाजात म्हणाले, "ए, बंद कर ते. पानाला कावळा यायचाय."

आणि स्पीकर बंद झाला! भाजीवाल्याने टोपी काढून वर बघितलं. पलीकडे कोणाचा तरी टीव्ही चालू होता, तोही बंद झाला. निरोप गॅलरीगॅलरीतून गेला असावा. तीन आठवडे गंगाधरराव जी शांतता कायद्याने, विनवणीने, खिडक्या लावून मागत होते, ती सबंध ठाकूरद्वारात पसरली. गिरगाव कोणासाठी थांबत नाही, पण पानासाठी थांबतं.

"आता मी हाक मारतंय, तुमी उगी रवा," बुधाजी कुजबुजला. टाकीआड उकिडवा बसून त्याने घशातून अशी काही साद घातली, की वसंतरावांनी चमकून आभाळाकडे बघितलं. उत्तर आलं. टाकीच्या कडेवर एक कावळा बसला होता. बुधाजीने पुन्हा साद दिली, त्याने पुन्हा दिली. अगदी भांडल्यासारखी, मागितल्यासारखी. मग त्याने उडी मारली, पानावरचा अर्धा मुटका उचलला आणि गेला. मोबाइलचा लाल ठिपका चालू होता. गंगाधररावांच्या डोळ्यांत घाम गेला की आणखी काही, ते सांगता येत नाही, पण ते पुसत होते.

"नलू गं!" रमाबाईंनी हंबरडा फोडला. "सुटलीस गं बाई!"

"काय गं, काय झालं?" जिन्यातून नलूने विचारलं. तिच्या वाटचं रेकॉर्डिंग सकाळीच आटोपून मौन सुटलं होतं, आणि ती सगळ्यांसाठी कोकम सरबत घेऊन वर आली होती.

पुढची दहा मिनिटं लिहिण्यात अर्थ नाही. वसंतरावांना कठड्याशी बसवावं लागलं. खरा प्रकार कळल्यावर रमाबाई आधी हसल्या, मग नलूला मिठी मारून रडल्या, आणि मग गंगाधररावांवर भडकल्या. "जिवंत बायकोच्या नावाने पान वाढता? नवमीला? काही तारतम्य आहे की नाही तुम्हाला!" सगळ्यांदेखत. गंगाधररावांनी शर्ट घातला आणि बटणं चुकीची लावली.

खाली येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. कावळा अप्रतिम होता. पण त्याच्या पाठीमागे, अगदी हळू, रमाबाईंचं मुसमुसणं होतं, आणि वसंतरावांनी एकदा नाक ओढलं होतं.

"झालं," गंगाधरराव मटकन बसले.

"अहो, काय झालं? सोनं आहे हे!" सुनेत्रा ओरडली. "आख्ख्या श्रुतिकेत असं रडायला कोणाला जमलं नाही. हे ठेवायचं."

ठेवायचं, तर संमती हवी. रमाबाई रागावून बसल्या होत्या. नलूने त्यांना सरबत दिलं, गंगाधररावांनी चारचौघांत चूक कबूल केली, तेव्हा त्यांनी 'रुदन: सौ. रमाबाई' असं छापायच्या अटीवर सही केली. वसंतरावांनी नाक ओढल्याची वेगळी सही दिली. बुधाजीची घेतली, कारण चार ओरडण्यांतली कुठली त्याची आणि कुठली कावळ्याची हे आता कोणालाच ओळखू येईना, त्यालासुद्धा. कावळ्याच्या रकान्यात 'लागू नाही' लिहिलं. सुनेत्राने कावळा जागेवर बसवला, पेनड्राइव्ह भरला, आणि साडेचार वाजता गंगाधरराव फाइल काखेत मारून घामाघूम अवस्थेत संग्रहालयात पोचले.

दीपिकाने फाइल उघडली. एकेक कागद उलटत गेली. कुकर कोणाचा, डाळ कोणी घातली, नळ कोणाचा, दार कोणी लोटलं. सुनेची, मुलाची, भटजीची संमती. फिनलंडच्या आजींचीसुद्धा होती, कावळा वापरला नव्हता तरी. "काका, मानलं तुम्हाला," ती म्हणाली. "इतकी परफेक्ट फाइल आजपर्यंत आलीच नाही."

तीन आठवड्यांत गंगाधररावांशी कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. त्यांनी खुर्चीत पाठ टेकली.

दीपिकाने पुन्हा पहिल्यापासून कागद उलटले. मग श्रेयनामावली वाचली. मग वर बघितलं.

"लेखक कोण आहे?"

"आमची मंडळी."

"ते नाव कुठाय?"

गंगाधररावांनी श्रेयनामावली हातात घेतली. आपल्याच अक्षरातली. बावीस नावं होती. रमाबाईंचं रडणं होतं, वसंतरावांचं नाक होतं. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. नलूचं नाव नव्हतं.

"आणि त्यांची संमती पण नाहीये," दीपिका हळूच म्हणाली. "संहितेची. तीच तर मेन आहे, काका. ती नसेल तर मला घेताच येणार नाही."

भिंतीवरच्या घड्याळात चार बेचाळीस झाले होते. गंगाधररावांनी फोन लावला. "नलू, जशी असशील तशी ये. संग्रहालयात. तुझी सही राहिली."

"माझी कशाला? तुम्ही बघताय ना सगळं?"

"माझं चुकलं. तू ये."

चार चौपन्नला नलू आली. घरातल्याच साडीवर, केस वाऱ्याने विस्कटलेले, चपलेचा अंगठा तुटायला आलेला. दीपिकाने छापील संमतीपत्र पुढे केलं. नलूने पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला, आणि वाचायला घेतलं. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून.

"अगं, सही कर फक्त," गंगाधरराव म्हणाले.

"वाचू दे त्यांना," दीपिका म्हणाली. शिक्का तिने हातात घेऊन ठेवला होता.

कागद लहानसा होता. 'मी, खाली सही करणार, या श्रुतिकेची लेखिका असून माझी संहिता (व असल्यास आवाज) वापरण्यास परवानगी देत आहे / देत नाही.' आणि कंसात, 'नको असेल ते खोडावे.' वरच्या रिकाम्या जागेत नलूने स्वतःचं नाव लिहिलं. मग खाली आली. पेन 'देत आहे' आणि 'देत नाही' यांच्या मध्ये येऊन थांबलं.

चार सत्तावन्न. पेन हलेना. गंगाधररावांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. कुठलं घर घ्यायचं, सुट्टीत कुठे जायचं, संध्याकाळी भाजी कुठली, एक्केचाळीस वर्षांत या बाईचं उत्तर काय असेल ते त्यांना नेहमी आधीच माहीत असायचं, म्हणून त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आज त्यांना माहीत नव्हतं. आणि तिने 'देत आहे' खोडलं तर आपल्याला तिला एक शब्द बोलता येणार नाही, हेही त्यांना त्याच वेळी कळलं.

नलूने 'देत नाही'वर एक सरळ रेघ मारली, सही केली आणि पेनाला टोपण लावलं. दीपिकाचा शिक्का पडला.

बाहेर पायरीवर आल्यावर तिने विचारलं, "घाबरलात?"

"हो," गंगाधरराव म्हणाले. "फार."

"मला तसं काही करायचं नव्हतं हो," नलू म्हणाली. "पण पहिल्यांदाच विचारलंत, तर म्हटलं, जरा वेळ घ्यावा."